थेंबभर माया

बशीतल्या पेशी पुन्हा भरभरून वाढल्या होत्या, आणि तिथंच धाकटीचं नशीब फुटलं.

प्रयोगशाळेत वयानं सगळ्यांत लहान, म्हणून ती धाकटी. तिचं म्हणणं साधं होतं. अस्थिमज्जेतल्या कोवळ्या 'बी' पेशींना सायटोकाइन या प्रथिनाचा 'वाढा' असा संदेश मिळतो तोवर त्या नुसत्या वाढतात. प्रतिपिंड घडवायला लागणारं एक जनुक मिटूनच राहतं. आयतं मिळतंय तोवर हातपाय कोण हलवतो? संदेश तुटला की काही पेशी मरतात, आणि उरलेल्यांत ते जनुक उघडतं.

पण संदेश धुऊन काढला तरी तिच्या पेशी वाढतच राहायच्या.

"बाई, तुमच्या पेशींनाच तुमचं म्हणणं पटत नाही," सर म्हणाले. "हे काम आता दुसऱ्याकडे. महिनाअखेरपर्यंत तुम्ही दुसरी जागा बघा."

बशी टाकून द्यायला ती आत गेली. तिथं आक्का होत्या. सगळ्यांच्या पेशी सांभाळणाऱ्या, धाकटी जेवली नाही तर डबा हातात कोंबणाऱ्या. तिच्याच दुसऱ्या बशीवर त्यांनी पिपेट धरलं होतं.

"काय घालताय, आक्का?"

"सायटोकाइन. थेंबभरच. निम्म्या मरायला टेकल्या होत्या गं. दरवेळी मीच वाचवते, म्हणून निभतंय तुझं."

"झाकणावर लिहिलं होतं, घालू नका म्हणून."

"घाईत लिहिलं असशील. जीव आहे तो, डोळ्यांदेखत मरू देऊ?"

धाकटी सरांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आपलं खापर आक्कांच्या डोक्यावर फोडू नका. शोभत नाही."

"एकदाच करू द्या. आक्कांचा हात न लागता."

"काम दिलं गेलंय."

नवे गृहस्थ आले. इनक्युबेटरला त्यांनी पहिल्याच दिवशी कुलूप लावलं. "आक्कांपासून जपा, असं सर म्हणालेत," ते हसत म्हणाले. धाकटी हसली नाही. महिना संपायच्या आत त्यांच्या बशीत ते जनुक उघडलं. सरांनी सगळ्यांना पेढ्यासारखी ती बातमी वाटली.

शेवटच्या दिवशी ती टेबल आवरत होती. आक्का डबा घेऊन आल्या.

"दोन घास खाऊन जा. तोंड बघ कसं उतरलंय."

धाकटीनं डबा हातात घेतला, झाकण न उघडता परत त्यांच्या हातात दिला.

"नको, आक्का. राहू दे मला उपाशी."