घोड्याला चिमूटभर पुरतं

घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबातल्या त्या म्हाताऱ्या घोडीला सगळे मास्तरीण म्हणत. नवशिक्याने लगाम चुकीचा ओढला की ती जागची हलायची नाही. तिचा मोतद्दार चौदा वर्षं तिचं दाणापाणी करत होता. दाणा त्याच्या थोरल्या साडूच्या दुकानातून येई. या खेपेच्या मक्यावर त्याला गुलाबी-पांढरी पूड दिसली.

“दादा, याला बुरशी आहे,” तो साडूला म्हणाला.

“होती. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवलाय. माझ्या कोंबड्याही हाच खातात. तू काय घोडीचा सासरा लागतोस?”

थोरल्यांपुढे तोंड वर करायची त्याला सवय नव्हती. त्याने मका घातला. ती खायला नखरे करी तेव्हा तळहातावर धरून भरवला.

तीन आठवड्यांनी मास्तरीण भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. हलवली की गोल गोल फिरायची, दारावर आपटायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कवटी उघडून त्याला जवळ बोलावलं. मेंदूतला पांढरा भाग खळीसारखा पातळ झाला होता.

“फ्युमोनिसिन. मक्यावरच्या बुरशीचं विष,” त्या म्हणाल्या. “पेशींच्या आवरणाला एक चरबी लागते, ती बनूच देत नाही.”

“पण धुऊन, उन्हात वाळवला होता.”

“उन्हात बुरशी मरते, विष मरत नाही.”

“कोंबड्यांना तर काही झालं नाही.”

“कोंबडी बरंच पचवते. घोड्याला चिमूटभर पुरतं.”

तो घरी आला तेव्हा बायको रडून बसली होती.

“खरं सांगितलंत तर दुकानाला टाळं लागेल. ताईनं मग कुठं जायचं? घोडी काही परत येत नाही.”

सकाळी मॅनेजरने डॉक्टरीणबाईंसमोर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “माझ्याच हातून पोतं उघडं राहिलं. ओल लागली.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. क्लबाने चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं; पण मान संन्याशानेच पुढे केली होती.

काम सुटल्यावर साडूने त्याला दुकानात ठेवून घेतलं. “आपल्या माणसाला मी वाऱ्यावर सोडत नाही,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. मोतद्दार पोती भरायचा.

एकदा एक गिऱ्हाईक घोड्यासाठी मका मागू लागलं.

“घोड्याला हा देऊ नका,” मोतद्दार हळूच म्हणाला.

साडू हसला. “याची घोडी मेली, तेव्हापासून असंच बरळतो. बांध रे पोतं.”

गिऱ्हाईकही हसलं. मोतद्दाराने पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली आणि ते उचलून त्याच्या गाडीत नेऊन ठेवलं.