गल्लीचा अबोला

भाऊजींनी बजावलं होतं, "सभेत कुणी एक शब्द काढायचा नाही. गप्प बसायचं आणि उठून चालू पडायचं." शिवणवालीला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पण सख्खा दीर, नवरा गेल्यावर पाठीशी उभा राहिलेला. त्याच्यापुढे काय बोलणार?

शिवाय त्या गल्लीचं शस्त्र एकच, अबोला. शिळा पाव खपवणाऱ्या बेकरीवाल्याशी सगळी गल्ली अशी बोलायची बंद झाली, की शेवटी तो दारोदार हात जोडत फिरला. भांडण काय, कुणीही करतं. अबोला धरला की भलेभले वठणीवर येतात, असा या मंडळींचा पक्का समज.

पालिकेच्या सभागृहात नव्या इमारतीचं चित्र लावलं होतं. जुनी घरं पाडून उंच टॉवर, तळाला सगळ्या गाड्या आणि शिवणवालीला खोल्या सोळाव्या मजल्यावर. आज तिचं मशीन रस्त्याकडच्या खिडकीला लागून होतं. लोक कामावर जाताना खिडकीतूनच फाटकी पँट आत टाकायचे, परतताना घेऊन जायचे. एक चेन बदलायला सोळाव्या मजल्यावर कोण मरायला येणार? त्या मशीनवर तर तिची चूल पेटत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाची हरकत?" पालिकेच्या अधिकाऱ्याने विचारलं.

भाऊजी उठले. मागोमाग सगळे उठले आणि माना ताठ करून बाहेर पडले. शिवणवाली सर्वांत मागे होती. ती दाराशी पोचते न पोचते तोच अधिकारी कारकुनाला म्हणाला, "लिहा, हरकत नाही. एकमताने मंजूर. फार समजूतदार लोक आहेत हो!"

समजूतदार म्हणे! मेल्यांनी घर गिळलं आणि वर शाबासकी दिली.

बाहेर भाऊजी मिशीला पीळ भरत होते. "काय, कशी जिरवली?"

"कुणाची?" ती कडाडली. भाऊजींपुढे तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. "आत मंजूर लिहितायत!"

"असं कसं? आपण रागावलोय हे कळत नाही त्यांना?"

"आपण त्यांचे कोण लागतो? अबोला धरायलाही आधी नातं लागतं, भाऊजी!"

तिने त्यांचा दंड धरला आणि ओढतच आत नेलं. अधिकारी कागद आवरत होता.

"काकू, सभा संपली."

"आम्ही बोलल्याशिवाय कशी संपते?" तिने कागदावर हात दाबून ठेवला. "बोला, भाऊजी."

भाऊजींनी घसा खाकरला. "आमच्या वहिनींचं म्हणणं असं, की..."

"माझं मी सांगीन. तुम्ही तुमचं सांगा."

दारात सगळी गल्ली गोळा झाली होती. भाऊजी जमिनीकडे बघत पुटपुटले, "माझं घर पाडू नका."

"काय म्हणालात?" कारकुनाने विचारलं.

"पाडू नका म्हणतोय!" भाऊजी एवढ्या जोरात ओरडले, की त्यांचा आवाज फाटला आणि सगळ्यांदेखत ते हमसून हमसून रडू लागले.

शिवणवालीने खुर्ची ओढून त्यांना बसवलं. मग ती कारकुनाकडे वळली.

"लिही," ती म्हणाली. "रडले, तेही लिही."