चोवीस नावांची यादी

"शाळा हाय म्हणून गाव हाय! शाळा गेली का मंग नुसती घरं राह्यतात!" रूपराव गुरुजींनी नत्थूजींच्या अंगणात गर्जना केली. बोलण्याच्या भरात त्यांचा हात मागे गेला होता आणि त्या हातातली पटाची यादी नत्थूजींची शेळी निवांत खात होती. चोवीस नावांतली खालची दोन गेली. ती पोरं पुढे शाळेत आलीही नाहीत, पण त्यात शेळीचा दोष नव्हता.

"पट वीसच्या खाली गेला तर शाळेचं काही खरं नाही, बघा बुवा," असं सेलूचे शिक्षण खात्याचे साहेब चहा पिता पिता बोलून गेले होते. कागदावर काही नव्हतं, म्हणून तर गुरुजींना घोर लागला होता.

"नातवाले टाकतो तुमच्या शाळेत," नत्थूजी म्हणाले. "पण तुमची पोरगी, आचल, कोठी जाऊन राह्यली?"

"आपल्याच शाळेत! हा काय प्रश्न झाला?"

हा प्रश्न गुरुजींनी घरी विचारलाच नव्हता. गावभर शब्द देऊन ते घरी आले, तेव्हा बायको जयवंता टाय बांधायचा सराव करत होती. खुंटीला.

"म्या नाव टाकलं तिचं सेलूच्या कॉन्व्हेंटात."

"केव्हा?"

"तुम्ही लोकाईची पोरं गोळा करत फिरत होते तवा."

"अवं, मी साऱ्या गावाले सांगून बसलो!"

"मंग आता सांगा, बायको आयकत नाई म्हणून."

"माह्या शिकवण्यावर भरवसा नाई तुहा?"

"तुमच्यावर हाय. शाळेवर नाई. बंद होनार म्हणतात लोक."

"पोरं गेली तर होईन ना!"

"मंग शेवटची पोरगी आपलीच काऊन राहावी?" जयवंतानं गाठ आवळली.

सव्वीस जूनला, शाळा उघडायच्या दिवशी, सकाळी कॉन्व्हेंटची पिवळी गाडी पहिल्यांदाच गावात शिरली. दारादारात पोरं तेल लावून, दप्तर अडकवून उभी होती. कोणी शाळेकडे निघत नव्हतं. सगळे गुरुजींच्या घराकडे पाहत होते.

आचल टाय सांभाळत गाडीत चढली.

नत्थूजींनी नातवाच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं, त्याला आत घेतलं आणि दार लोटलं. मग शेजारचं दार लागलं. मग त्याच्या पलीकडचं.

गुरुजी शाळेच्या फाटकाशी उभे होते. घंटा देऊन झाली होती. मैदानात सात पोरं होती. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि हळूहळू मागे येत फाटकासमोर थांबली. क्षणभर गुरुजींना वाटलं, पोरगी उतरते. ते दोन पावलं पुढेही झाले.

ड्रायव्हर धर्मेंद्रनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"गुरुजी, तेवढं फाटक उघडून देता काय? गल्लीत गाडी वळत नाई."