होकायंत्राचे शेजारी

मित्रांनो, मी एक जुने होकायंत्र आहे. मला भेटायला आलात, बरे वाटले. पण खिशात किल्ल्या असतील तर थोडे लांब बसा. राग मानू नका. लोखंड जवळ आले की माझे डोके फिरते, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे. माझ्या पोटात एक स्वच्छ द्रव भरलेला आहे, त्यात दिशांची चकती तरंगते आणि चकतीच्या तळाशी चुंबक आहे. तो बिचारा उत्तर धरून बसलेला असतो. पण शेजारी साधा खिळा जरी आला तरी त्याचे मन चळते. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घेणे हा माझा धंदाच होऊन बसला आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर पितळेच्या हत्यारांनी काम करी आणि कामाला बसण्याआधी हातातले घड्याळ काढून दाराबाहेर ठेवी. द्रव भरताना आत हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तर तो सगळे रिकामे करून पुन्हा भरी. "घाई केलीस तर समुद्रात कुणीतरी रडेल," असे तो स्वतःलाच बजावत असे. त्या माणसावर मी कधी संशय घेतला नाही. त्याच्यानंतर जे भेटले त्यांची मात्र खात्री देत नाही.

तिथून मी एका लहान होडीवर आलो. बंदरातून दीपस्तंभाच्या बेटावर पिण्याचे पाणी, भाजी आणि औषधे पोचवायची, हे होडीचे काम. सुकाणू धरणाऱ्या माणसाला त्याची मुलगी बाबा म्हणे, म्हणून सगळे बंदरच त्यांना बाबा म्हणू लागले. बाबांनी मला सुकाणूच्या समोर बसवले. होडी गोल गोल फिरवून माझ्या चकतीची प्रत्येक दिशा तपासून घेतली. मग एक नियम केला: माझ्यापासून हातभर अंतरात लोखंड आणायचे नाही. चाकू नाही, डबा नाही, पान्हा तर नाहीच.

बेटाच्या तोंडाशी काळे कातळ आहेत. दोन कातळांमधून जेमतेम होडी जाईल एवढी वाट. धुके असले की कातळ दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. अशा वेळी बाबा माझ्यावर नजर ठेवून होडी आत नेत. बंदरात परतल्यावर म्हणत, "आज यानेच आणलं बरं का!" आणि खिशातल्या रुमालाने माझी काच पुसत. माझी चकती आनंदाने जरा डुले. ती लाटेने डुलली असे लोक म्हणत. म्हणू देत.

पुढे बाबांची नजर मंदावली. त्यांची मुलगी, मी तिला ताईच म्हणतो, होडीवर येऊ लागली. एक दिवस तिने जाहीर केले की होडीवर नवी यंत्रे बसवायची. माझ्या पोटातला द्रव गोठायचाच काय तो राहिला.

खरे सांगायचे तर ताईने निवड डोळसपणे केली. दुकानदार तिला रडार, भलामोठा पडदा आणि आपोआप फिरणारे सुकाणू असे सगळे एकदम गळ्यात मारायला निघाला होता. ती होडीवर येऊन बाबांना म्हणाली, "एवढ्याशा होडीला एवढा थाट कशाला? नाकापेक्षा मोती जड व्हायचा." तिने दुकानदाराला साधेच प्रश्न विचारले होते. पडदा उन्हात दिसतो का? ओल्या बोटांनी बटणे दाबता येतात का? बॅटरी किती खातो? आणि ही सगळी यंत्रे एकमेकांशी बोलतात, की प्रत्येकाची चूल वेगळी? शेवटी एक मध्यम पडदा आला, जागा सांगणारा अँटेना आला, पाण्याची खोली मोजणारे यंत्र आले आणि एक विजेवर चालणारे होकायंत्र आले. होय, होकायंत्र! माझ्या डोळ्यांदेखत, मी जिवंत असताना!

हे सगळे जोडायला एक तंत्रज्ञ आला. मी त्याचे नाव वायरवाला ठेवले. माणूस कामाचा होता. त्याने एकच मुख्य वायर होडीभर फिरवली आणि सगळी यंत्रे तिला जोडली. विजेचे होकायंत्र त्याने इंजिनापासून दूर, खालच्या खोलीत बसवले. पडदा माझ्यापासून किती लांब हवा तेही त्याने मोजून घेतले. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो, पण बोट ठेवायला जागा सापडली नाही. पडदा उजळला आणि गप्प बसला. गप्प बसणाऱ्या शेजाऱ्याचा मला जास्तच संशय येतो.

आता ताईच्या आईविषयी सांगायला हवे. त्या घरी पिशव्या आणि पर्स शिवतात आणि बंदरभर विकतात. महागाचा पडदा उन्हात तापतो, खाऱ्या वाऱ्यात राहतो, हे त्यांना बघवेना. त्यांनी जाड निळ्या कापडाचे टोपीसारखे झाकण शिवले. नाड्या लावल्या तर गाठी बसतात, म्हणून पर्सला लावतात तशी, जवळ नेली की आपोआप बसणारी बटणे लावली. पडद्यावर ते झाकण असे बसले की वादळातही उडू नये. "वापरताना काढलंस की ओल्यात टाकू नकोस," असे त्यांनी ताईला बजावले. होडीवर कोरडी जागा एकच, समोरच्या काचेखालची फळी. ती माझ्या अगदी खांद्याला लागून आहे. ताई होडी सोडताना झाकण काढी आणि घडी घालून तिथे ठेवी.

त्याच सुमाराला मला एका बाजूला ओढ लागू लागली. मी सांगतो एक दिशा, पडदा सांगतो दुसरी. आणि गंमत बघा, होडी धक्क्याला बांधलेली असली की आमचे दोघांचे गळ्यात गळे. दोरी सुटली की आमचे वाकडे. वायरवाला दोनदा येऊन तपासून गेला. धक्क्यावर त्याला काहीच सापडेना, कारण तो झाकण काढून मागच्या बाकावर फेकत असे. त्याचा संशय वायरींवर. बाबांचा संशय पडद्यावर. ताईचा संशय माझ्यावर. माझा संशय तर तुम्हाला ठाऊकच आहे. कापडावर मात्र कुणाचाही नव्हता.

एकदा ताईने भर समुद्रात पडदा बंदच केला. म्हणाली, "आता बघू." पडदा विझला तरी मी वाकडाच राहिलो. बाबांचा चेहरा उतरला. मला कुठे तोंड लपवू असे झाले.

मग ती धुक्याची सकाळ आली. सुकाणू बाबांच्या हातात होते आणि ते नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून होडी नेत होते. अचानक पडद्याकडे बघत ताई ओरडली, "बाबा, डावीकडे! डावीकडे घ्या!" समोर पांढरा फेस उसळला आणि त्यामागे काळा कातळ दिसला. ताईने सुकाणू हिसकावून फिरवले. पाण्याची पिंपे गडगडत एका बाजूला गेली. कातळ इतक्या जवळून सरकला की त्यावरचे शिंपले मला दिसले.

परतताना ताई हळूच म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी चालवते. तुम्ही नुसते बसा."

"बरं," बाबा म्हणाले.

ते भांडले असते तर मला बरे वाटले असते. त्या दिवसापासून ते मागे दोरांच्या वेटोळ्याशी बसू लागले. पूर्वी डोळे मिटून गाठ मारणारा माणूस आता गाठ मारून झाली की ताईला विचारी, "नीट बसली ना गं?" संशय म्हणजे आगंतुक पाहुणा. एकदा घरात घेतला की तो एका खोलीत थांबत नाही. तो माझ्यापासून सुरू झाला आणि बाबांच्या हातांपर्यंत पोचला.

मला काढून टाकायचे ठरले. वायरवाला पितळी पेचकस घेऊन आला. ताई त्याला म्हणाली, "एकदा बाहेर नेऊन बघ, मग काढ." त्या दिवशी आईही होडीवर होत्या. बेटावरच्या बायकांनी मागवलेल्या पर्स त्यांना पोचवायच्या होत्या. होडी बंदराबाहेर पडली. मी नेहमीसारखाच वाकडा होतो. वायरवाला माझ्यावर ओणवा झाला.

तेवढ्यात आईंचे लक्ष फळीकडे गेले. "अगं, किती पाणी उडतंय त्यावर! रंग जाईल ना कापडाचा!" असे म्हणत त्यांनी झाकण उचलून छातीशी धरले.

माझी चकती सर्रकन फिरली.

वायरवाला जागच्या जागी थिजला. मग म्हणाला, "काकू, ते परत ठेवा."

"आत्ता तर उचललं! रंग गेला तर तू भरून देणार आहेस का?"

"ठेवा हो एकदा." त्यांनी ठेवले. मी वाकडा झालो. "आता उचला." मी सरळ झालो. "परत ठेवा."

"मी काय कवायत करायला आलेय इथे?" आई वैतागल्या.

ताईने झाकण हातात घेऊन कडेवरून बोटे फिरवली. "आई, यात बटणं कसली लावलीस गं?"

"चुंबकाची. पर्सला लावते तीच. वाऱ्याने उडू नये म्हणून चांगली दुप्पट लावली."

आईंच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी झाकण पदराखाली लपवले. "मी आपलं चांगल्यासाठीच..." एवढेच त्या म्हणू शकल्या.

ताई मागे जाऊन बाबांसमोर बसली. "बाबा, तुमची चूक नव्हती."

"कातळ तर जवळ आला होता ना?" बाबा म्हणाले. त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

"होकायंत्राने दाखवलं तसंच तुम्ही नेलंत. आणि त्याला आम्हीच फसवलं. चला, उठा."

बाबा लगेच उठले नाहीत. मग त्यांनी आईंकडे बघितले आणि म्हणाले, "तुझ्या पर्सने होडी बुडवली असती की गं!" आई रडता रडता हसल्या. बाबांनी ते झाकण स्वतःच्या हाताने मागच्या पेटीत ठेवले आणि पुढे येऊन सुकाणू धरले. मी आणि पडदा एकच दिशा सांगत होतो. ताई हात मागे बांधून उभी राहिली आणि बेट येईपर्यंत तिने सुकाणूला हात लावला नाही.

पडद्याची मी अजून माफी मागितलेली नाही. त्याच्यावर माझी नजर आहेच. विजेवर जगणाऱ्याने वीज गेली तर काय करायचे, ते त्याने आधी सांगावे.

पण मित्रांनो, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. घरातले जुने माणूस किंवा जुनी वस्तू अचानक चुकू लागली, तर तिला जागेवरून उठवण्याआधी तिच्या शेजारी आपण नवे काय आणून ठेवले, ते एकदा बघा. प्रेमाने ठेवलेलेही बघा. आणि लवकर बघा. कापड उचलताच माझी चकती जागेवर आली. बाबा मात्र अजूनही माझ्याकडे बघून झाले की ताईकडे बघतात.