पाचवा शब्द

दुधावरचं झाकण खडखडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. तिने गॅस बारीक केला, पण मागे वळली नाही. मागे नवरा अजून पाचवा शब्द शोधत होता.

"खिडकी, घोडा, साबण, पूल..."

"आणि?" लेक विचारत होती. आजोबांचा जुना चष्मा नाकावर चढवून ती ओट्यावर बसली होती. आज ती डॉक्टरीणबाई होती.

"थांब गं ठमे, आठवतंय."

आठवत नव्हतं. डोक्याला मार बसून हरलेल्या बॉक्सरला पुन्हा लढायची परवानगी देण्याआधी बॉक्सिंग मंडळाचे डॉक्टर हे पाच शब्द ऐकवायचे, मग इकडतिकडच्या गप्पा मारायचे आणि एकदम म्हणायचे, आता ते शब्द सांगा. शब्द वर्षानुवर्षं तेच. हरलेला गडी ते पुढच्याच्या कानात सांगायचा, तेवढा शेजारधर्म सगळे पाळत. मागच्या दोन हारींनंतर तिनेच ते त्याच्याकडून घोकून घेतले होते. तेव्हा तो पोपटासारखा बोलायचा.

एकेकाळी लोक त्याला हातोडा म्हणत. त्याचा फोटो सराव-हॉलच्या दारासमोर असायचा. आता तो फोटो मोरीकडच्या बोळात गेला होता. परवा सलूनमध्ये कुणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालं, "हातोड्याचा नुसता दांडा उरला!" तोही सगळ्यांबरोबर हसला. घरी येऊन मात्र जेवला नाही.

"अहो, पुरे आता," ती म्हणाली. "इतकं जिंकलात, ते कुणी पुसणार आहे का?"

"पुसलंय. आताच्या पोरांनी मला फक्त आडवा पडलेला पाहिलाय. एक लढत, बस्स. जिंकून उतरतो, मग म्हणशील तर जन्मभर भाजी चिरत बसेन."

"भाजी तरी धड चिरता का?" ती वळून म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या हातातल्या कपाकडे गेलं. कप बशीवर किणकिणत होता.

उद्या तपासणी. आज ती गप्प राहिली, तर तो जन्मभर हरलेलाच राहणार, आणि त्याचं खापर तिच्या माथी. मदत केली, तर पुढचा ठोसा कसा बसेल ते तिला मनातही आणवत नव्हतं. दोन फेऱ्यांच्या मधे स्टुलावर बसून तो जसा उस्तादांकडे बघायचा, तसा आत्ता तिच्याकडे बघत होता.

तिने नजर उचलून छताच्या बल्बकडे पाहिलं. क्षणभरच.

"दिवा!" तो ओरडला. त्याने लेकीचा गालगुच्चा घेतला. "काय डॉक्टरीणबाई, पास ना?" आणि शीळ घालत आंघोळीला गेला.

लेकीने चष्मा काढला. "तू वर बघितलंस. मी पाहिलं."

ती दूध गाळत राहिली. दूध कधीच गाळून झालं होतं.

"आई, उद्या तिथे बाबांना कोण सांगणार?"