कच्चे काम उजवीकडे

मी एक जुना फळा आहे. माझ्यावर आजवर एकही खोटी गोष्ट लिहिली गेलेली नाही. सातवी 'ब'ची बाब वेगळी. आणि आता या करवसुलीच्या हॉलची.

मित्रांनो, माझा जन्म उज्जैनमधल्या एका मराठी शाळेच्या अंगणात झाला. सागवानाच्या चार फळ्या, मागे दोन आडव्या पट्ट्या, खाली खडू ठेवायला एक खाच, आणि मापात अर्धा इंच चुकलेला एक सुतार, एवढ्या साहित्यातून मी तयार झालो. त्या अर्ध्या इंचामुळे मी डावीकडे किंचित उतरता आहे. माझ्यावर काढलेली सरळ रेषा जरा घरंगळते. भूमितीच्या वर्गासाठी मलाच निवडण्यात आले.

माझ्यावर सर्वांत जास्त वर्षे लिहिले ते जयू पुराणिक बाईंनी. बाईंचा एक नियम होता : कच्चे काम उजवीकडे. पक्के उत्तर डावीकडे, आणि आकडेमोड, खाडाखोड, हातचे, सगळे उजव्या पट्ट्यात. "चुकायचं तर तिथे चुका," बाई म्हणत, "ती जागा त्याचसाठी आहे." खडूची रेघ रोज पुसली जायची. म्हणून एका दुपारी त्यांनी कर्कटकाचे टोक माझ्या अंगात रुतवले आणि वरपासून खालपर्यंत कायमची रेघ ओढली. दुखले. पण त्या दिवसापासून माझ्या अंगावर चुकांना हक्काची जागा आहे. असे भाग्य माणसांनाही क्वचित लाभते.

माझे एकदा कौतुकही झाले. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "फळा चांगला काळा आहे." मुलांविषयी ते काही बोलले नाहीत.

मग बाई निवृत्त झाल्या आणि मुले कमी होऊ लागली. चाळीसची एकोणीस झाली, एकोणीसची सहा. शेवटच्या वर्षी वर्गात विहंग नावाचा एकच मुलगा होता. नवे गुरुजी तरी रोज हजेरी घेत. विहंग पहिल्या बाकावरून "हजर" म्हणे आणि मागे वळून बघे. त्याला ताप आला त्या दिवशी पूर्ण वर्ग गैरहजर होता.

पुढच्या वर्षी शाळेला कुलूप लागले. माझ्यावर लिहिलेली तारीख सहा वर्षे तीच राहिली. माझ्यामागे एका पालीने संसार थाटला, पण आमचे बोलणे कधी झाले नाही.

गेल्या हिवाळ्यात शाळेचे सामान विकले गेले आणि मी टावर चौकाच्या मागच्या एका हॉलमध्ये येऊन पोचलो. तिथे करवसुलीचे शिबिर होते. खरे तर भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला होता, पण त्याचा रिमोट बदली होऊन गेलेल्या साहेबांबरोबर गेला होता. म्हणून मला बोलावणे आले.

निखिल नावाच्या तरुण कारकुनाने पहिल्या दिवशी माझ्यावर लिहिले : 'कर में 100% तक छूट.' अकरा वाजेपर्यंत रांगेतल्या कुणाच्या तरी खांद्याने 'तक' पुसून टाकले. बारा वाजेपर्यंत आसपासच्या सगळ्या फ्रीगंज भागात घरकर माफ झालेला होता. एक वाजता बातमी आली की सरकार उलट खात्यात पैसे टाकणार आहे.

सर्वांत आनंदात होते भय्यासाहेब चिटणीस. त्यांचा अकरा वर्षांचा कर थकलेला. त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि मगच ते हॉलवर आले.

"निखिल, मला मिळणार किती?"

"भय्यासाहेब, मिळणार नाही. भरायचं आहे."

"अरे, शंभर टक्के सूट ना? अकरा वर्षांचं माफ झालं. आता ते व्याज-बीज जे तुम्ही लावून राहिले होते, त्याचा काय हिसाब?"

"तो पण तुम्हालाच भरायचा."

"कमाल करतो यार! माफी पण आम्हीच मागायची आणि पैसे पण आम्हीच द्यायचे?"

या गोंधळात, मित्रांनो, दाराशी पुराणिक बाई दिसल्या. केस पूर्ण पांढरे, हातात कापडी पिशवी. माधव नगरातून ई-रिक्षाने आल्या होत्या. रांग सोडून त्या सरळ माझ्याकडे आल्या, चष्मा वर केला आणि माझ्या उजव्या अंगावरच्या रेघेवरून एक बोट वरपासून खाली फिरवले. बोटाला लागलेली पूड झटकली. मी ओळख दिली नाही. मला ती सोय नाही.

मग त्यांनी मागे वळून विचारले, "हे कोणी लिहिलं?"

"मी, आजी," निखिल म्हणाला.

"बाई म्हण. रेघेच्या पलीकडे का गेलास?"

"कोणती रेघ?"

बाईंनी ते सोडून दिले. "बरं, शंभर टक्के सूट कशाची?"

"कराची."

"करात चार आकडे आहेत. घराचा कर, साफसफाईचा, शिक्षणाचा उपकर, आणि उशिराबद्दलचा अधिभार. यातल्या कशाची? टक्का कधी एकटा नसतो, बाळा. तो कशाचा तरी असतो."

निखिलने वर फोन लावला. वरून आले, पंचवीस. त्याने शंभर पुसून पंचवीस केले. रांगेत आरडाओरडा झाला. त्याने पुन्हा फोन लावला. वरून आले, पन्नास, पण अजून पक्के नाही, उद्या सांगतो.

"म्हणजे हे सगळं कच्चं काम," बाई म्हणाल्या. "मग उजवीकडे लिही."

त्यांनी खडू घेतला, पन्नास आकडा उजव्या पट्ट्यात नेला, आणि सहा वर्षांनी माझ्यावर एक उदाहरण सोडवले जाऊ लागले.

त्यानंतरचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. बाई रोज दहाला येत. लोक बिले घेऊन सतरंजीवर बसत. बाई एकेकाचे बिल चार आकड्यांत फोडून दाखवत, स्वतःचे हातचे पिशवीतल्या एका पिवळ्या कागदाच्या पाठीवर मांडत. आकडा रोज बदले, म्हणून लोक रोज येत. तिसऱ्या दिवशी बाईंनी भय्यासाहेबांनाच उभे केले.

"या, करा गुणाकार."

"बाई, मला कुठे हे! मी सातवीत दोनदा होतो."

"माहीत आहे. दोन्ही वेळा हाच चुकला होतात."

सगळा हॉल हसला. भय्यासाहेब पण हसले, आणि चुकले. उजवीकडे चुकले, हे मुद्दाम सांगतो.

मित्रांनो, मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. आयुष्यभर मी बरोबर उत्तराची वाट पाहिली. त्या चार दिवसांत मात्र रोज संध्याकाळी दिवे मालवले की मी मनात म्हणत असे, उद्याही आकडा ठरू नये. ठरला की बाई यायच्या थांबतील, एवढे गणित मला येत होते.

पाचव्या दिवशी छापील आदेश आला. सूट फक्त अधिभारात, फक्त जुन्या थकबाकीच्या, आणि पंचवीस टक्के. भय्यासाहेबांचा अधिभार निघाला सोळाशे अठ्ठेचाळीस रुपये. बाईंनी डावीकडे उत्तर मांडले : चारशे बारा.

"बस? चारशे बारा?" भय्यासाहेब म्हणाले. "पेढेच सहाशेचे झाले, बाई!"

"ते करात धरत नाहीत."

अर्ध्या तासात हॉल रिकामा झाला. ज्याला त्याला आपला आकडा कळला होता. निखिल सतरंजी गोळा करत म्हणाला, "बाई, तुमचं राहूनच गेलं. खाता नंबर सांगा, लगे हाथ करून टाकू."

"राहू दे. रिक्षा थांबली आहे."

माझ्या समोरच्या खिडकीतून रस्ता दिसतो. रिक्षा नव्हती.

"उद्या याल?"

"उद्या काय आहे?"

"उद्या... काही नाही."

"मग?"

बाईंनी फडके घेतले आणि मला पुसले. वरून खाली, एकाला लागून एक हात फिरवत, जसे वर्ग सुटल्यावर पुसायच्या. उजवा पट्टा तेवढा ठेवला. मग पिशवी उचलून त्या गेल्या.

आता मी त्याच हॉलमध्ये आहे. टीव्हीचा रिमोट सापडला. माझ्यावर लिहिलेले आहे, 'कृपया जूते-चप्पल बाहर उतारें.' हे बरोबर आहे, पण सोडवण्यासारखे त्यात काही नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत जुना फळा असेल तर त्यावर खिळे ठोकू नका, फ्लेक्स लावू नका. पुसताना फडके ओले घ्या, जोर लावू नका. आणि तुमच्या जुन्या बाई कुठे राहतात हे घरी कुणाला माहीत असेल, तर एखादे उदाहरण नीट चुकवा आणि त्यांना दाखवायला घेऊन जा. एका दिवसात बरोबर करून आणू नका.

त्या शेवटच्या दिवशी बाई आपला पिवळा कागद माझ्या खाचेत विसरल्या. कुलूप लावण्यापूर्वी निखिलने तो उलगडून पाहिला. पाठीवर चार दिवसांची आकडेमोड होती. पुढच्या बाजूला छापलेले होते : जयू पुराणिक, माधव नगर. घरकर पूर्ण जमा, नऊ एप्रिल. बाकी, निरंक.