डांबावरची चौथी तार

उचगावच्या आमच्या गल्लीत डांबावर, म्हणजे विजेच्या खांबावर, तीन फेजच्या तारांशेजारी जी चौथी तार दिसते ना, ती मी. मला न्यूट्रल म्हणतात. माझ्याकडं कुणी मान वर करून बघत नाही.

सोळा उन्हाळे झाले, पण माझं नवल सरलेलं नाही. तिन्ही फेजमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होते. एकदम नव्हे, एकीमागून एक, ठरल्या अंतरानं. तिघींवर भार सारखा असला, की एकीची परतणारी वीज बाकीच्या दोघी सामावून घेतात. उरलंसुरलं तेवढं मी डीपीकडं, गल्लीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडं, नेते. अख्खी गल्ली चालते आणि मी गारच्या गार! काय ही किमया!

माणसांची एक खोड मात्र मला भोवली. व्होल्टेज पडलं, की जो तो घरातलं फेज बदलायचं बटण फिरवतो. यंदा उन्हाळ्यात आधी गल्लीतल्या कृष्णातनं फिरवलं, त्याचं बघून सगळ्यांनी. सगळी घरं एकाच फेजवर! परतीचा सगळा भार माझ्यावर आला आणि डीपीजवळचा माझा सांधा तापून तापून सैल झाला.

दुसऱ्या फेजवर उरलं एकट्या शिवानंदांचं घर. त्यांची फुप्फुसं थकलेली. ऑक्सिजनचं यंत्र सतत लागतं. ते क्षणभरही बंद पडू नये म्हणून त्यांच्या बायकोनं, शांतव्वांनी, बटणाला हात लावला नव्हता. माझा आधार सुटला, की भरलेल्या फेजवरची घरं मंदावतात आणि मोकळ्या फेजवर व्होल्टेज उसळतं.

भर दुपारी त्यांच्या घरातला दिवा भगभगू लागला. शांतव्वांनी झटकन यंत्राची पिन काढली, नवऱ्याला छोट्या सिलिंडरवर घेतलं आणि वायरमन संयोगिताला फोन लावला.

"पोरी, सिलिंडर तासभरच पुरंल बघ!"

मी तर हबकूनच गेले.

संयोगितानं डीपी बंद केली, वर चढून जळका सांधा कापला, नवा घट्ट आवळला. पण लाईट सोडली नाही. गल्लीत उभी राहून ओरडली, "आधी आपापल्या फेजवर जावा!"

"आमच्यात व्होल्टेज यीत न्हाय की!" कृष्णात म्हणाला.

"सगळी एकीवरच बसलासा, कुठनं येणार? तिकडं काकांचा सिलिंडर संपाय लागलाय."

कृष्णातचा चेहरा उतरला. त्यानं घरात जाऊन बटण फिरवलं आणि मग स्वतःच दारोदार सांगत सुटला.

लाईट आली. शिवानंदांचं यंत्र घुरघुरू लागलं. डीपी त्यांच्या दारासमोरच. संयोगितानं टाँग टेस्टर, तारेतली वीज मोजायचा चिमटा, माझ्याभोवती धरला. आकडा जवळजवळ शून्य.

"हिच्यातनं कायच जात न्हाय व्हय?" शांतव्वांनी दारातून विचारलं.

"न्हाय, काकू. आता समदं बरोबर हाय."

आता माझं एवढंच मागणं आहे. व्होल्टेज पडलं आणि हात बटणाकडं गेला, तर आधी शिवानंदांच्या खिडकीपाशी या. थोडं थांबा. यंत्राची घुरघुर ऐका.